मोगल सरदारांच्या छबी आणि आपला मुलूख

औरादेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात शिरावे, तो ओसरीच्या भिंतीवर, तुळईच्या खाली किंचित पुढे कललेली चार-सहा छायाचित्रे दृष्टीस पडतात. फेटा बांधून, काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसलेले एक वृद्ध गृहस्थ. त्यांच्या मागे उभे असलेले दोन तरुण. बाजूला नऊवारीतील एक वयस्क बाई. ‘हे कोण?’ म्हणून विचारावे, तर घरची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ‘आजोबांचे चुलते असावेत,’ असे एकजण म्हणतो. ‘छे, ते तर देगलूरचे व्याही,’ असे दुसरा सांगतो. नक्की सांगू शकणारी आजी केव्हाच निवर्तलेली असते. दसऱ्याला हार मात्र नेमाने घातला जातो.

मोगल काळातील सरदारांच्या छबींविषयी वाचताना आम्हांला ही भिंत पुनःपुन्हा आठवत राहिली. कारण ज्या सरदारांनी आपल्या या टापूत किल्ले घेतले, गावे लुटली, तह केले, त्यांतील कित्येकांचे चेहरे साडेतीनशे-चारशे वर्षे लोटली तरी आज ओळखू येतात. आमच्या चुलत-पणजोबांचा चेहरा मात्र शंभर वर्षांतच अनोळखी झाला. हे कसे घडले, याचा विचार करण्यासाठी हा लेख.

औराद नकाशावर लहान दिसते. पण त्याच्या भोवती पाहावे. दक्षिणेस बीदर, पश्चिमेस उदगीर, नैर्ऋत्येस कल्याणी, उत्तरेस देगलूर ओलांडून पुढे गेले की कंधार. हे चारही किल्ले सतराव्या शतकात मोगलांनी आदिलशाही किंवा निजामशाही अंमलातून जिंकून घेतले. म्हणजे ज्याला आपण आज सीमाभाग म्हणतो, तो तेव्हाही सीमाभागच होता. फक्त सीमा निराळी होती. दिल्लीच्या फौजा याच वाटांनी आल्या, आणि त्या फौजांच्या सेनापतींची चित्रे आग्रा-दिल्लीच्या चित्रशाळांत रंगली.

ही प्रथा घातली ती अकबराने. अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदविले आहे की, बादशहा स्वतः चित्रकारापुढे बसला आणि राज्यातील सर्व मानकऱ्यांच्या छबी काढण्याचा त्याने हुकूम केला. त्यांचा एक मोठा संग्रह तयार झाला. जे निवर्तले त्यांना त्यामुळे नवे जीवन लाभले आणि जे जिवंत होते त्यांना अमरत्वाची हमी मिळाली, असा अबुल फज्लचा अभिप्राय आहे. अशा छबीला फारसीत ‘शबीह’ म्हणत, आणि चित्रे व सुलेखनाची पाने एकत्र बांधलेल्या ग्रंथाला ‘मुरक्का’. यामागे नुसती हौस नव्हती. मोगल दरबारात प्रत्येक सरदाराला मनसबीचा एक आकडा असे. त्या आकड्यावरून त्याचा पगार, त्याने बाळगावयाचे घोडेस्वार आणि दरबारात उभे राहण्याची जागा ठरे. कठड्याच्या आत कोण, बाहेर कोण, तख्तापासून किती अंतरावर कोण, हा मोठ्या मानापमानाचा प्रश्न होता. दरबाराचे चित्र ही त्या अर्थी रंगांत लिहिलेली मानकऱ्यांची यादीच होती.

चित्रे कशी काढीत, हेही जाणून घेण्यासारखे आहे. कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून त्यांची जाड ‘वसली’ करीत आणि अकीकाच्या दगडाने घोटून ती गुळगुळीत करीत. खारीच्या शेपटीच्या केसांची कुंचली असे. सरदार एकदा समोर बसला की चितारी त्याचे रेखाटन करून ठेवी. पुढे त्याच्यावर हरणाचे पातळ, पारदर्शक कातडे ठेवून रेषा उतरवून घेत. याला ‘चरबा’ म्हणत. त्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वर आपटली, की खालच्या कोऱ्या कागदावर तोच चेहरा ठिपक्यांनी उमटे. दरबाराच्या चित्रात चाळीस-पन्नास मानकरी दाखवायचे, तर प्रत्येकाला पुन्हा बोलावून बसविण्याची गरज नसे. चित्रशाळेत जपलेला चरबा काढला की काम होई. म्हणूनच एकच चेहरा, तेच नाक, तीच दाढीची ठेवण निरनिराळ्या चित्रांत जशीच्या तशी भेटते, आणि एका ठिकाणी नाव लिहिलेले असले की दुसऱ्या ठिकाणचा बिननावाचा माणूसही अभ्यासकांना ओळखता येतो.

अकबराच्या काळात चेहरा बहुधा तीन-चतुर्थांश दाखवीत. जहांगीरापासून पूर्ण बाजूने, एकाच डोळ्याचा चेहरा काढण्याची रीत रूढ झाली. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी यांची रेषा माणसागणिक निराळी असते, त्यामुळे ओळख पटण्यास ही बाजू सोयीची. वाचकांना कोठे अशी चित्रे पाहण्याचा योग आला, तर आणखी दोन खुणा ध्यानात ठेवाव्यात. मस्तकाभोवती सोन्याचे तेजोवलय असले तर ती व्यक्ती बादशहा किंवा बादशाही घराण्यातील. सरदार कितीही मोठा असला तरी त्याला ते वलय नाही. आणि अंगरख्याचे बंद पाहावेत : डाव्या कुशीत बांधलेले असले तर सरदार हिंदू, उजव्या कुशीत असले तर मुसलमान. अकबराच्या काळापासून हा रिवाज होता आणि चित्रकार तो कटाक्षाने पाळीत.

मोगल छबीचे मोल तिच्या खरेपणात आहे. १६१८ साली जहांगीराचा एक मर्जीतला मानकरी, इनायतखान, अफू आणि मद्य यांच्या पायी अस्थिपंजर होऊन मरणाच्या दारी पोहोचला. त्याला पालखीतून बादशहासमोर आणले, तेव्हा कातडे आणि हाडे यांपलीकडे त्याच्या देहात काही उरले नव्हते. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात याविषयी आश्चर्य नोंदविले आहे. त्याने चित्रकारांना त्याची छबी काढण्यास सांगितले, खर्चासाठी दोन हजार रुपये दिले, आणि दुसऱ्याच दिवशी इनायतखान गेला. त्या प्रसंगाचे एक रेखाटन आज बोस्टनला आणि एक रंगचित्र ऑक्सफर्डला आहे. तक्क्यांना टेकलेला तो खंगलेला देह, बाहेर आलेल्या बरगड्या आणि कोठेतरी शून्यात लागलेली नजर पाहताना अंगावर काटा येतो. खुशामतीसाठी असे चित्र कोणी काढीत नाही.

आता आपल्या दक्षिणेकडे वळू. मलिक अंबर हे नाव मराठी वाचकांना नवे नाही. हबशी गुलाम म्हणून आलेला हा पुरुष निजामशाहीचा वजीर झाला आणि गनिमी काव्याने त्याने जहांगीराच्या फौजांना वर्षानुवर्षे झुलवीत ठेवले. त्याची दोन मोगल चित्रे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. एक डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. ते अबुल हसन या चित्रकाराने १६१६ च्या सुमारास काढले. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर लटकणाऱ्या मलिक अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण सोडतो आहे. हे निव्वळ मनोराज्य होते. मलिक अंबर बादशहाच्या हाती कधीच सापडला नाही. १६२६ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, तो मृत्यू पावला आणि खुलताबादेस त्याचे दफन झाले. दुसरे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ते हाशिमने काढलेले. त्यात भरदार देहाचा, साध्या पांढऱ्या वस्त्रांतील, कमरेला शस्त्र लावलेला एक वयोवृद्ध सेनानी शांतपणे उभा आहे. दोन्ही चित्रे एकाच बादशहाच्या चित्रशाळेतील. पहिले बादशहाची इच्छा सांगते, दुसरे माणूस दाखविते. शत्रूचेही रूप यथातथ्य उतरविण्याची ही जी वृत्ती, तिच्यामुळेच आज आपल्याला मलिक अंबरचा चेहरा ठाऊक आहे.

हा हाशिम दक्षिणेतील पुरुषांच्या छबी काढण्यात निष्णात होता. तो मूळचा दक्षिणेकडूनच गेला असावा, असे जाणकार मानतात. विजापूरचा इब्राहिम आदिलशहाही त्याने रंगविला. पण आपल्या दृष्टीने त्याचे सर्वांत जिव्हाळ्याचे चित्र ‘जादूराय दखनी’चे. फारसी तवारिखा ज्याला जादूराय म्हणतात, ते सिंदखेडचे लखुजी जाधवराव. जिजाबाईंचे वडील आणि शिवछत्रपतींचे आजोबा. निजामशाहीतले हे बलाढ्य सरदार १६२० च्या सुमारास मोगलांना मिळाले. त्यांना, त्यांच्या पुत्र-पौत्रांना आणि भाऊबंदांना मिळून २४,००० जात आणि १५,००० स्वार अशी मनसब असल्याचे फारसी इतिहासकार सांगतात. दरबारी छबीचा मान या आकड्याच्या पाठोपाठ आला. पुढे ते निजामशाहीत परतले आणि २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, दरबारात मुजऱ्यासाठी गेले असता, पुत्र-पौत्रांसह दग्याने मारले गेले. ज्या धन्याकडे ते परतले त्याने त्यांचा घात केला, आणि ज्या दरबाराला ते सोडून आले त्या दरबाराने त्यांचा चेहरा जपून ठेवला. इतिहासाचा हा न्याय आम्हांला अद्याप उलगडलेला नाही.

लखुजींच्या वधानंतर दोनच वर्षांनी युद्धाची झळ थेट आपल्या उंबऱ्याशी आली. १६३१ च्या मे महिन्यात शाहजहानच्या नसीरीखान या सरदाराने निजामशाहीचा कंधारचा किल्ला घेतला. हे कंधार म्हणजे अफगाणिस्तानातील कंदाहार नव्हे. आपल्या नांदेड जिल्ह्यातील, मन्याड नदीच्या खोऱ्यातील कंधार. या वेढ्याचे चित्र पयाग या चित्रकाराने काढले. पयाग हा बालचंद या दुसऱ्या नामवंत दरबारी चित्रकाराचा भाऊ. अग्रभागी घोड्यांवरील सरदार, मध्ये तोफांचा धूर आणि दूरवर किल्ला अशी त्याची मांडणी आहे. अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘पादशाहनामा’ या ग्रंथाच्या शाही प्रतीत ते समाविष्ट आहे. त्याच ग्रंथात १६३३ च्या देवगिरीच्या वेढ्याचे, मुरार या चित्रकाराचे चित्र आहे. चव्वेचाळीस चित्रांची ही प्रत १७९९ साली अयोध्येच्या नवाबाकडून इंग्लंडच्या राजाकडे भेट म्हणून गेली आणि आज ती विंडसरच्या राजवाड्यात आहे. १९९७ साली तिच्यातील पाने दिल्लीला प्रदर्शनासाठी आणली गेली होती.

कंधार जिंकणाऱ्या नसीरीखानाला पुढे ‘खान-इ-दौरान’ हा किताब मिळाला, आणि १६३६ साली त्यानेच उदगीर व औसा हे किल्ले घेतले. म्हणजे औरादच्या उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील असे दोन्ही किल्ले एकाच सेनापतीने मोगलांच्या पदरात घातले. त्याची मुराद या चित्रकाराने काढलेली छबी आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पण येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. दक्षिणेचा कारभार पाहताना खान-इ-दौरान रयतेशी फार कठोरपणे वागला, असे इतिहासकार सांगतात. छबी पाहून हे कोणाला कळणार? छबी नाक-डोळे दाखविते, दर्जा दाखविते, किमती शेला दाखविते. त्या शेल्याची किंमत कोणत्या गावच्या सोंगणीतून वसूल झाली, ते दाखवीत नाही. कंधारच्या त्या चित्रातही सरदारांचे चेहरे ओळखीचे आहेत. किल्ल्यातील शिबंदी, तोफा ओढणारे बैल हाकणारे, ज्यांच्या शेतांत तळ पडला ते कुणबी, यांना चेहरा नाही आणि नावही नाही.

नाव आहे पण चेहरा नाही, असा पुरुष पाहावयाचा तर बीदरला जावे. १६५७ साली शाहजादा औरंगजेब, मीर जुमल्याला बरोबर घेऊन, आदिलशाहीवर चालून आला. २ मार्चला बीदरचा वेढा सुरू झाला. किल्लेदार सिद्दी मरजान हा हबशी. सुमारे तीस वर्षे त्याने हा किल्ला सांभाळलेला. तिहेरी खंदक, भक्कम तट, भरपूर दारूगोळा आणि म्हाताऱ्या किल्लेदाराचा निर्धार यांमुळे बीदर सहजी पडणारे नव्हते. २९ मार्चला मोगलांनी निकराचा हल्ला चढविला, तेव्हा एक पेटता बाण बुरुजाच्या मागे साठविलेल्या दारूवर पडला. प्रचंड स्फोट झाला. मरजान आणि त्याचे पुत्र भयंकर भाजले. मोगल आत घुसले. मृत्युशय्येवरून मरजानने किल्ल्याच्या चाव्या पुत्रांबरोबर पाठविल्या आणि तो गेला. बारा लाख रुपये रोख, आठ लाखांचा दारूगोळा व धान्य, आणि २३० तोफा विजेत्यांच्या हाती आल्या. बीदरचे नाव ‘जफराबाद’, म्हणजे विजयनगरी, असे ठेवण्यात आले. त्यानंतर तीन महिने झुंजून कल्याणीही पडली.

औरंगजेबाच्या छबी कितीतरी आहेत. मीर जुमल्याच्याही आहेत. सिद्दी मरजानची मात्र एकही छबी आमच्या पाहण्यात नाही. याचा अर्थ हबशी सरदारांची चित्रे निघत नसत, असा नव्हे. विजापूरचा वजीर इखलासखान हबशी असून मुहम्मद आदिलशहाबरोबर एकाच हत्तीवर बसलेला रंगविला गेला आहे. पण तो राजधानीत, सुलतानाच्या शेजारी होता. मरजान होता सरहद्दीवर. चित्रकार दरबारात राहतात. सरहद्दीवरच्या किल्लेदाराकडे कुंचली घेऊन कोण येणार? योगायोग असा की, ज्या हिजरी वर्षात, म्हणजे १६५६-५७ मध्ये, ‘पादशाहनाम्या’ची ती शाही प्रत लिहून पुरी झाली, त्याच वर्षाच्या पोटात बीदरचा वेढा पडला. त्या ग्रंथात शाहजहानच्या कारकीर्दीची पहिली दहा वर्षेच असल्याने बीदरला त्यात स्थान नव्हते. लगोलग वारसायुद्ध पेटले, १६५८ साली शाहजहान कैदेत पडला, आणि पुढे औरंगजेबाने चित्रशाळेवरचा हात आखडता घेतला.

तिसरा प्रकार याहून विलक्षण : चेहरा आहे, पण नाव दुसऱ्याचेच. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने कित्येक वर्षे ज्या चित्राला शिवछत्रपतींचे म्हणून नमस्कार केला, ते वास्तविक इब्राहिमखान नावाच्या एका मुसलमान सरदाराचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे विश्वसनीय चित्र शोधून काढले आणि १९३३ साली ते लोकांपुढे आणले, तेव्हा हा घोटाळा मिटला. आज लंडन, आम्स्टरडॅम, पॅरिस येथील संग्रहांत महाराजांची सतराव्या शतकातील चित्रे आहेत. पॅरिसचे चित्र मनुची या इटालियन प्रवाशाने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून करवून घेतलेल्या संग्रहातील, महाराज घोड्यावर स्वार असलेले. ज्या पुरुषाने महाराष्ट्राचे भाग्य पालटले, त्याच्याही बाबतीत जर चेहरा आणि नाव यांची अशी ताटातूट होऊ शकते, तर सामान्य माणसाची काय कथा?

आणि ही ताटातूट टळते कशाने? एका ओळीने. मोगल मुरक्क्यांच्या कित्येक पानांवर ‘अमुक याची शबीह, अमुक चित्रकाराचे काम’ अशी नोंद आहे. काही नोंदी तर खुद्द बादशहाच्या हस्ताक्षरातील आहेत. वर उल्लेखिलेल्या जादूरायांचे आणि खान-इ-दौरानचे चित्र ज्या मुरक्क्यात आहे, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. पन्नास पानांचा हा ग्रंथ १९२९ साली स्कॉटलंडमधील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शंभर पौंडांहून कमी किमतीला विकला गेला. तो कोणाचा, काय योग्यतेचा, हे दुकानदाराच्या ध्यानीमनीही नव्हते. आज त्याची एक्केचाळीस पाने न्यूयॉर्कला आणि नऊ वॉशिंग्टनला आहेत. त्यांतील काही पाने एकोणिसाव्या शतकात केलेल्या नकला आहेत, हेही अभ्यासकांनी निवडून काढले. दिल्लीहून निघून, कोणकोणाच्या हातांतून फिरून, परमुलखातल्या दुकानात धूळ खात पडलेल्या त्या पानांवरील माणसे पुन्हा आपापल्या नावांनी ओळखली गेली, ती समासातल्या बारीक अक्षरांच्या बळावर.

आम्ही परप्रांतात राहणारी मराठी माणसे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आमचा तालुका कर्नाटकात आला. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि जुन्या दस्तऐवजांत उर्दू, असा आमचा संसार चालतो. मुलेबाळे शिक्षणासाठी, नोकरीसाठी हैदराबाद, बंगळूर, पुणे आणि त्याहूनही दूर गेली. वाडे विकले जात आहेत. विकताना भिंतीवरच्या तसबिरी उतरविल्या जातात आणि पोत्यात भरल्या जातात. आमचे पूर्वज पंचहजारी मनसबदार नव्हते. कोणी पाटील, कोणी कुळकर्णी, कोणी साधा कास्तकार. पण ज्या काळात औरादहून बीदरला बैलगाडीने जावे लागे, त्या काळात छायाचित्रकारासमोर बसण्यासाठी त्यांनी ठेवणीतला फेटा बांधला होता, हे विसरता कामा नये. आपण मागे दिसावे, ही इच्छा त्यांनाही होती.

म्हणून वाचकांस एवढेच विनवावेसे वाटते. या दिवाळीत झाडलोट करताना भिंतीवरची ती छायाचित्रे खाली घ्यावीत. घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर त्यांना उजेडात बसवून एकेक चेहरा दाखवावा. मागच्या पुठ्ठ्यावर, शाईने, स्वच्छ अक्षरांत लिहावे : नाव, गाव, कोणाचा मुलगा किंवा कोणाची सून, आणि माहीत असल्यास साल. बायकांची नावे विशेष आठवणीने लिहावीत; ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर भागवू नये. आम्ही आमच्या घरच्या सहा तसबिरींपैकी चारांच्या मागे नावे लिहिली आहेत. उरलेल्या दोहोंसाठी येत्या अमरेश्वराच्या जत्रेला देगलूरच्या मावशी यावयाच्या आहेत. त्यांचे वय नव्वदीला आले आहे. दोन्ही तसबिरी पुसून, दौत-लेखणीसह, ओसरीवर काढून ठेविल्या आहेत.